न थांबणारा मासा

लातूर जिल्ह्यातील उदगीर हे इतिहासप्रसिद्ध गाव आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला, तो याच परिसरात. तेथील भुईकोट किल्ल्याच्या तटावर उभे राहून पाहिले, तर चारी बाजूंना काळ्या मातीची शेते पसरलेली दिसतात. समुद्र मात्र कोणत्याही दिशेस दिसावयाचा नाही. तो येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. या भागाच्या बाजारात नेहमी दिसणारे मासे म्हणजे तळ्यांतले आणि धरणांतले रोहू, कटला, मृगळ आणि मरळ. खाऱ्या पाण्यातला मासा येथवर येतो, तो बर्फात निजूनच.

असे असूनही उदगीर येथे मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते एक महाविद्यालय होय. ज्या गावात समुद्राची गाज कधी ऐकू आली नाही, त्या गावी माशांचे शास्त्र शिकवले जाते, याचे कोणास नवल वाटेल. परंतु विद्या ही गावाच्या वेशीपाशी थांबत नाही. अशाच एका दूरच्या, खाऱ्या पाण्यातील माशाची ही ओळख आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर या माशास कुपा म्हणतात. गेदर असेही त्याचे एक नाव आहे. बांगडा आणि सुरमई हे मासे ज्या कुलातले, त्याच कुलातला हा मासा. या कुलात सुमारे पन्नास जाती आहेत. बांगडा हा त्यांतील लहानखुरा, तर अटलांटिक महासागरातील निळ्या पराचा टूना हा सर्वांत थोर. तो तीन मीटरांहून लांब आणि पाचशे किलोग्रॅमांहून जड होतो. कुपा हा या दोघांच्या मधला. टूना माशांच्या घराण्यातले ते धाकटे भावंड आहे, असे म्हणता येईल.

तथापि कुपा हे नाव एकाच माशाचे नव्हे. आंबा म्हटले की त्यात हापूस आला, पायरी आली आणि रायवळही आला. तद्वत् कुपा या एका नावाखाली अनेक लहान टूना मासे येतात. त्यांतील एका प्रजातीस शास्त्रज्ञ 'ऑक्सिस' म्हणतात. फ्रान्समधील थोर प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए याने १८२९ साली तिला हे नाव दिले. या प्रजातीत दोनच जाती आहेत. एकीच्या पाठीवर तिरप्या, नागमोडी, बारीक काळसर रेघा असतात. दुसरीच्या पाठीवर जवळजवळ उभे आणि जाड पट्टे असतात. या दोन्ही जातींचे मासे बहुधा हातभरही लांब नसतात. 'युथिनस' ही त्यांच्या जवळची दुसरी प्रजाती. तिच्यातील आपल्या समुद्रात सापडणारा मासा अधिक मोठा, क्वचित मीटरभर लांबीचाही होतो.

हे मासे ओळखावे कसे? पारखी माणूस प्रथम माशाची पाठ पाहतो. पाठीवरच्या दोन परांमध्ये चांगले अंतर असले, तर तो ऑक्सिस. ते दोन पर एकमेकांना जवळजवळ टेकलेले असले आणि छातीच्या पराखाली चार-दोन काळे ठिपके असले, तर तो युथिनस. पाहणाऱ्याने एवढे दोन क्षण थांबून पाहिले, तर चूक सहसा होत नाही.

कुप्याचा देह चरख्याच्या चातीसारखा आहे. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांस निमुळता. पाणी कापीत जाण्यास याहून योग्य आकार नाही. पाठीवरचा पुढचा पर त्याला हवा तेव्हा मिटता येतो. तो मिटला, की पाठीवरच्या खोबणीत इतका बेमालूम बसतो, की तेथे पर आहे हे सांगूनही खरे वाटू नये. मागच्या परापासून शेपटीपर्यंत वर आणि खाली इवल्या इवल्या परांची रांग असते. ऑक्सिसच्या पाठीवर असे आठ आणि पोटाकडे सात पर असतात. शेपटी चंद्रकोरीसारखी असते. इतर माशांच्या सर्वांगावर असतात तसे खवले कुप्याच्या अंगावर नसतात. केवळ छातीभोवती आणि पाठीच्या काही भागावर ते असतात. जणू योद्ध्याने छातीपुरतेच चिलखत घातले असावे. बाकीचे सारे अंग गुळगुळीत असते. पाठ गडद निळी आणि पोट रुपेरी पांढरे असते. त्यामुळे वरून पाहणाऱ्या पक्ष्यास तो खोल पाण्याच्या रंगात मिसळून जातो आणि खालून पाहणाऱ्या शत्रूस तो आभाळाच्या उजेडात दिसत नाही.

पुष्कळ माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा न हलताही पाण्यात तरंगत राहू शकतो. कुप्याला वाताशय नाही. तो थांबला, की बुडू लागतो. दुसरे असे, की रोहूसारखा मासा एका जागी स्थिर राहूनही तोंडाची आणि कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप करून कल्ल्यांवरून पाणी वाहवू शकतो आणि त्या पाण्यातील प्राणवायू घेतो. कुप्याला हे साधत नाही. तो तोंड किंचित उघडे ठेवून वेगाने पुढे जातो आणि त्या वेगानेच पाणी त्याच्या कल्ल्यांवरून वाहते. म्हणजे पोहणे हेच त्याचे श्वास घेणे होय. जन्मास आलेला कुपा दिवसा पोहतो, रात्री पोहतो. खाताना पोहतो आणि विसावा घेतानाही पोहतच असतो. त्याच्या आयुष्यात थांबणे म्हणजे मरणे.

सतत पोहणाऱ्या देहाला बळकट स्नायू हवेत. कुप्याचे मांस लाल दिसते, ते यामुळेच. त्या स्नायूंत रक्त आणि प्राणवायू साठवणारे रंगद्रव्य विपुल असते. स्नायू काम करू लागले, की उष्णता उत्पन्न होते. धावून आलेल्या मुलाचे अंग तापते, तसेच हे. इतर माशांच्या बाबतीत ही उष्णता रक्ताबरोबर कल्ल्यांत जाते आणि तेथे समुद्राच्या थंड पाण्यात निघून जाते. म्हणून बहुतेक माशांचे अंग सभोवतीच्या पाण्याइतकेच थंड असते.

परंतु टूना माशांची गोष्ट निराळी आहे. जॉन डेव्ही या ब्रिटिश वैद्याने १८३५ साली असे नमूद केले, की कुप्याच्याच गोतातील एका माशाचे अंग समुद्राच्या पाण्याहून सुमारे दहा अंश सेल्सिअसने अधिक उष्ण होते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी, अशी तोवरची समजूत. तिला या निरीक्षणाने धक्का बसला. पुढे शोध घेता कारण उमगले. या माशांच्या शरीरात बारीक रक्तवाहिन्यांचे एक दाट जाळे असते. स्नायूंकडून तापून परत येणारे रक्त आणि कल्ल्यांकडून गार होऊन आलेले रक्त या जाळ्यात एकमेकांना लागून, परंतु उलट दिशांनी वाहते. तापलेले रक्त आपली ऊब शेजारच्या गार रक्तास देते आणि मगच कल्ल्यांकडे जाते. खेड्यातील गृहिणी चुलीमागच्या भाणवसावर पाण्याचे भांडे ठेवते. जी आच वाया जावयाची, तिने ते पाणी कोमट होते. निसर्गाने कुप्याच्या देहात असेच एक भाणवस घातले आहे. उबदार स्नायू अधिक जोमाने काम करतात आणि शिकारीच्या मागे झेपावताना त्याचा उपयोग होतो.

कुपे थव्याने हिंडतात. लहान मासे, कोळंबीच्या जातीचे जीव आणि माकूल हे त्यांचे खाद्य. त्यांच्या भीतीने लहान मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात आणि वरून समुद्रपक्षी त्यांवर तुटून पडतात. पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी दिसले, की खाली मासा आहे, हे अनुभवी तांडेल ओळखतो. उलट मोठे टूना, शार्क आणि तलवारीसारख्या चोचीचे मासे कुप्यांना खातात. लहानांना खाणारा आणि मोठ्यांच्या पोटी जाणारा हा मासा समुद्राच्या अन्नसाखळीतील एक मधला दुवा आहे. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. त्यांतून निघालेल्या पिलांपैकी फारच थोडी मोठी होतात.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करतात आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. तांडेल सुकाणू धरतो. खलाशी जाळी सोडतात. कुपा धरण्यासाठी एक प्रकारचे लांबलचक जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे सोडतात. बहुधा ते रात्री सोडतात, कारण अंधारात माशाला ते दिसत नाही. माशाचे डोके जाळ्याच्या आसातून पलीकडे जाते, परंतु अंग जात नाही. मागे सरावे, तर कल्ले अडकतात. इतर कित्येक मासे असे अडकूनही बराच वेळ जगतात. कुपा जगत नाही. त्याचे पोहणे थांबते, त्याबरोबर श्वासही थांबतो. पहाटे जाळे ओढले जाते, तेव्हा त्यातील कित्येक कुपे काही तासांपूर्वीच मेलेले असतात.

येथून पुढे कोळ्याची खरी कसोटी सुरू होते. मेलेल्या माशाचे अंग उबदार, वरचे पाणी उबदार आणि हवाही उष्ण. अशा उबेत सूक्ष्म जंतू झपाट्याने वाढतात. कुप्याच्या लाल मांसात हिस्टिडीन नावाचे एक द्रव्य भरपूर असते. काही जंतू त्याचे हिस्टामीनमध्ये रूपांतर करतात. असा मासा खाल्ला, तर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखू लागते, अंगावर चट्टे उठतात आणि खाज सुटते. हिस्टामीन एकदा तयार झाले, की ते शिजवल्याने वा तळल्याने नाहीसे होत नाही. मसाल्याने त्याची चव झाकली जाईल, पण दोष झाकला जाणार नाही. विशेष म्हणजे, असा मासा दिसण्यात आणि वासात चांगला वाटू शकतो. म्हणून नुसत्या नाकावर भरवसा ठेवून भागत नाही.

यावर उपाय एकच आणि तो साधा आहे. मासा पाण्याबाहेर येताच त्याला बर्फात ठेवले पाहिजे. उष्ण प्रदेशात माशाच्या वजनाइतका बर्फ वापरावा, असे तज्ज्ञ सांगतात. गारठ्यात त्या जंतूंची वाढ मंदावते आणि हिस्टामीन होत नाही. होडी किनाऱ्याला लागल्यावर, लिलाव झाल्यावर किंवा गाडी भरताना बर्फ घालू, असे म्हणणाऱ्याने वेळ गमावलेली असते. त्यानंतर कितीही बर्फ घातला, तरी झालेले विष उलटत नाही. होडीत बर्फ नेण्यास पैसा लागतो आणि जागाही लागते. पापलेट आणि सुरमई यांना चढा भाव येतो, म्हणून त्यांच्यासाठी बर्फ राखला जातो. कुप्याला भाव कमी, म्हणून त्याला बर्फ कमी. बर्फ कमी, म्हणून मासा खराब. आणि मासा खराब, म्हणून पुन्हा भाव कमी! हे चक्र जेथे तुटते, तेथे हाच मासा कोळ्याच्या घरात चार पैसे अधिक आणतो आणि खाणाऱ्यास उत्तम पौष्टिक अन्न देतो.

बर्फाचे कारखाने नव्हते, त्या काळी लोक काय करीत? लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील लोक टूना मासा जाळ्याने न धरता काठी आणि गळ यांनी एकेक करून धरतात. मासा ताजा असतानाच कापून शिजवतात, धुरावर धरतात आणि उन्हात कडक वाळवतात. असा वाळवलेला टूना लाकडासारखा टणक होतो आणि पुष्कळ दिवस टिकतो. साधने साधी असली, तरी त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचे शहाणपण आहे. तेही हेच सांगते, की माशाला वाट पाहावयास लावू नये.

आता दुसरा प्रश्न. समुद्र अफाट आहे, पण त्यातील मासा अमर्याद नाही. अंडी घालण्याच्या वयास येण्यापूर्वीच लहान मासे धरले गेले, तर पुढच्या वर्षी जाळी रिकामी येतील. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी ठराविक काळ बंद ठेवली जाते. परंतु कुपा कोणत्याही राज्याची वा देशाची सीमा ओळखत नाही. म्हणून हिंदी महासागरातील टूना माशांसाठी अनेक देशांनी मिळून एक आयोग नेमला आहे. त्याचा करार १९९६ साली अमलात आला आणि भारत त्याचा सदस्य आहे. सोळा जातींचे मासे या आयोगाच्या कक्षेत येतात. ऑक्सिसच्या दोन्ही जाती आणि आपल्याकडचा युथिनस हे त्या सोळांत आहेत.

माशांचे रक्षण करावयाचे, तर आधी ते किती आहेत हे कळले पाहिजे. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या माशांची नोंद ठेवते. १९६२ साली तमिळनाडूतील मंडपम येथे बांगडा आणि टूना यांच्या कुलाविषयी शास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली आणि तेथे भारतीय समुद्रातील टूना माशांची शास्त्रशुद्ध ओळख मांडली गेली. ही सारी विद्या अखेर एका लहानशा कृतीवर अवलंबून असते. बंदरावर टोपलीपुढे वही घेऊन बसलेल्या माणसाने योग्य नाव लिहिले पाहिजे. टोपलीत तीन जातींचे मासे असले आणि वहीत 'कुपा' एवढेच लिहिले गेले, तर त्यांतील एक जात हळूहळू नाहीशी होत असली, तरी वहीतून ते कधीच कळणार नाही. पाठीवरच्या दोन परांतील अंतर पाहण्यासाठी जे दोन क्षण लागतात, त्यांचे मोल हे असे आहे.

उदगीरसारख्या गावी मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा या माशाशी काय संबंध, हे आता सांगावयास नको. जो हे शास्त्र शिकला, त्याची नजर बंदरावर उपयोगी पडते, बर्फाच्या गाडीपाशी उपयोगी पडते आणि दूरच्या बाजारात मासा विकत घेणाऱ्या कुटुंबाच्याही कामी येते.

आणि समुद्र उदगीरला अगदीच परका आहे असेही नाही. या परिसरात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून मांजरा नदीस मिळतो. मांजरा गोदावरीस मिळते. आणि गोदावरी शेकडो कोसांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. त्या उपसागरातही कुप्यांचे थवे पोहत असतात. किल्ल्याच्या तटावरून ओघळलेला पाण्याचा थेंब कधीतरी त्यांच्या कल्ल्यांवरून वाहत जात असेल. तो थेंब वाहता आहे आणि मासाही वाहता आहे. दोघांनाही थांबणे ठाऊक नाही.

स्वाध्याय

१. कुप्याच्या बाबतीत 'पोहणे हेच श्वास घेणे' असे का म्हटले आहे?
२. ऑक्सिस आणि युथिनस हे मासे कोणत्या खुणांनी ओळखता येतात?
३. टूना माशांच्या अंगातील ऊब कशी टिकून राहते? भाणवसाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. 'मासा खराब झाल्यावर बर्फ घालून उपयोग नाही.' कारण सांगा.
५. बंदरावरच्या वहीत माशाचे नेमके नाव लिहिणे का महत्त्वाचे आहे?
६. आपल्या गावातील नदीचे वा ओढ्याचे पाणी कोणकोणत्या नद्यांना मिळत समुद्रापर्यंत जाते, ते नकाशात शोधा आणि वहीत लिहा.